सांगून आलेले काम

राम मोहन यांच्या नावावर, कुणीही न सांगता निव्वळ स्वतःच्या मनाने केलेला पूर्ण लांबीचा एकही चित्रपट नाही. १९५६ साली ते फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात रुजू झाले आणि ११ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मधल्या साठेक वर्षांत त्यांनी सरकारसाठी काम केले, जाहिरातदारांसाठी केले, युनिसेफसाठी केले, मृणाल सेन आणि सत्यजित राय यांच्या चित्रपटांतल्या काही मिनिटांसाठी केले आणि एका जपानी निर्मात्याच्या रामायणासाठी केले. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ‘भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक’ ही उपाधी तर त्याआधीच त्यांच्या नावाला चिकटली होती. एवढे सांगून झाले की सांगणारा सहसा एक सुस्कारा टाकतो. एवढ्या हुन्नरी माणसाचे आयुष्य दुसऱ्यांच्या कामात गेले, संधी मिळाली असती तर त्याने काय काय केले असते, असा त्या सुस्काऱ्याचा अर्थ असतो. मला तो सुस्कारा चुकीचा वाटतो. राम मोहन यांची कारकीर्द सांगून आलेल्या कामामुळे खुंटली नाही, त्या कामातूनच ती घडली. चलतचित्रांच्या दिग्दर्शकाची कारकीर्द आपल्याकडे दुसऱ्या कोणत्या वाटेने घडू शकली असती, हे सुस्कारा टाकणाऱ्यांनी अजून दाखवून दिलेले नाही. या प्रस्तावनेचे म्हणणे एवढेच आहे, पण त्याला पुरावा द्यायला हवा आणि त्यावरच्या आक्षेपांना उत्तरेही.

पुराव्याकडे वळण्याआधी इकडच्या वाचकासाठी थोडे. केशोरी हे अर्जुनी मोरगाव तालुक्यातले, गडचिरोलीच्या हद्दीजवळचे गाव. मुंबईतल्या स्टुडिओंपासून महाराष्ट्रात यापेक्षा लांब जाणे अवघडच. तरीही सांगून आलेल्या कामातून कला उभी राहते की नाही, हा प्रश्न झाडीपट्टीतल्या, म्हणजे या टापूतल्या, माणसाला पुस्तकी वाटणार नाही. धान निघाले, दिवाळी झाली, मंडई भरू लागली की या टापूत नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावचे मंडळ नाटक कंपन्यांच्या वडशाला जाऊन कंपनी ठरवते, तारीख पक्की करते, पैशाचे बोलते. नाटक कोणते हवे, लावणी असावी की नसावी, हसवणारा नट कोण, यावर मंडळाचे म्हणणे असते आणि कंपनी ते ऐकते. मग रात्री उघडलेला पडदा पहाटेपर्यंत पडत नाही. मंडळाने सांगितले म्हणून नाटक हलके झाले, असे वडशात कुणी मानत नाही. नट बरा की वाईट ते रंगमंचावर ठरते. याच रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मुंबई-पुण्याच्या समीक्षेत ‘मागणीनुसार केलेले’ हे शब्द दोषासारखे वापरले जातात. झाडीपट्टीत ती कामाची रीत आहे. राम मोहन यांच्याकडे पाहताना हीच नजर उपयोगी पडेल.

आता माध्यमाच्या हिशेबाकडे येऊ, कारण सगळ्या युक्तिवादाचा पाया तिथे आहे. चित्रपटात सेकंदाला चोवीस फ्रेम धावतात. दहा मिनिटांच्या चलतचित्राला १४,४०० फ्रेम लागतात. एक चित्र दोन फ्रेमसाठी वापरायची काटकसर केली तरी ७,२०० चित्रे उरतात. एकट्या माणसाने रोज न चुकता वीस चित्रे पुरी केली, तर तीनशे साठ दिवस. त्यात पार्श्वभूमी रंगवणे नाही, छायाचित्रण नाही, चुकलेले काढून टाकणे नाही, आजारपण नाही. म्हणून हे काम वाटूनच करावे लागते. हालचालीतली कळीची चित्रे एक जण काढतो, त्यांच्या मधली दुसरा भरतो, तिसरा रेघ साफ करतो, चौथा ती पारदर्शक सेलवर उतरवतो, पाचवा सेलच्या मागच्या बाजूने रंग भरतो, आणि मग कॅमेऱ्याखाली एकेक सेल ठेवून एकेक फ्रेम टिपली जाते. संगणक आल्यावर सेल आणि रंगाचे डबे गेले, पण कामाची ही वाटणी गेली नाही. कवीला वही पुरते, चित्रकाराला कॅनव्हास. चलतचित्राच्या दिग्दर्शकाला मात्र शिकवून तयार केलेली, एकमेकांची रेघ ओळखणारी, महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी माणसे लागतात. ती एकदा पांगली की पुन्हा गोळा करायला वर्षे जातात. मग त्यांचा पगार कुठून यायचा? डिस्नेच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटावर शेकडो चित्रकारांनी तीन वर्षे काम केले. तो खर्च आधीच्या लघुपटांतून उभ्या राहिलेल्या स्टुडिओने आणि बँकेच्या कर्जाने पेलला. आपल्याकडे तसा बाजार नव्हता. जे होते ते सांगून येणारे काम.

हे आपल्या चित्रपटाच्या जन्मापासूनच होते. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी कुंडीत वाटाणे पेरले आणि रोज थोडे थोडे चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट तयार केला. बीज फुटते, वर येते, वेल होते, हे सगळे काही क्षणांत पडद्यावर दिसे. तो विज्ञानासाठी केलेला नव्हता आणि कलेसाठीही नव्हता. पैसे देणाऱ्याचा विश्वास बसावा, एवढाच त्याचा उद्देश होता आणि तो साधला. पुढे १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केला. त्यात काड्याच पात्रे होती. तो आज उपलब्ध नाही. (काड्यांचा आणि काडेपेट्यांचा मुंबईच्या चलतचित्रांशी काही गूढ संबंध असावा. तो पुढे पुन्हा येईल.) १९३४ मध्ये पुण्याच्या प्रभात कंपनीने ‘जंबू काका’ हे कार्टून काढले. प्रभातकडे पैसा होता, चित्रकार होते, कलाविभाग होता, उत्तम छायाचित्रकार होते. तरीही या कामाची परंपरा तिथे रुजली नाही. कारण सरळ आहे. मुख्य चित्रपट नट-नट्यांवर आणि गाण्यांवर चालत होते, आणि कार्टूनवाल्यांना वर्षभर बसवून ठेवण्याएवढे काम कुणाकडेच नव्हते. बुद्धी आणि हौस दोन्ही असून वीस वर्षे हा धंदा तिथल्या तिथे राहिला. माझ्या मते सुस्काऱ्याला दिलेले पहिले उत्तर हेच. हौसेवर चालणारे प्रयत्न आपल्याकडे झाले आणि ते एकेका चित्रपटानंतर थांबले.

ते थांबणे संपवले सरकारने. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये पन्नाशीच्या दशकात कार्टून विभाग सुरू झाला, आणि अमेरिकेच्या तांत्रिक सहकार्य योजनेतून क्लेअर वीक्स हे डिस्ने स्टुडिओतले जाणकार मुंबईत आले. त्यांनी ‘बाम्बी’वर काम केले होते. विभागातल्या तरुणांना त्यांनी हालचालीचे शास्त्र शिकवले. वजन कसे दाखवायचे, उडी मारण्याआधी पात्र खाली का दबते, थांबलेल्या पात्राचा सदरा क्षणभर पुढे का जातो, अशा गोष्टी. त्या पुस्तकातून कळतात, पण हातात येतात त्या शेजारी बसलेल्या माणसाच्या चुका पाहून. या शिकवणीतून १९५७ साली ‘द बनियन डीअर’ ही जातककथा तयार झाली. राम मोहन त्या पहिल्या तुकडीतले. १९६६ मध्ये जी. के. गोखले यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘होमो सॅप्स’ची पटकथा, आरेखन आणि अ‍ॅनिमेशन राम मोहन यांचे होते, आणि प्रयोगशील चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. सरकारी खात्याच्या पगारावर, सरकारी कागदावर काढलेल्या चित्रांना मिळालेला ‘प्रयोगशील’ हा शिक्का मला बोलका वाटतो. गोखले यांचे नाव आज मराठी वाचकाला सांगावे लागते, ही मात्र खंत करण्याजोगी गोष्ट आहे. चित्रपटाच्या इतिहासात आपण नट, गायक आणि फार तर संगीतकार लक्षात ठेवतो. सेकंदाला चोवीस फ्रेम मोजणारा माणूस आपल्या लक्षात राहत नाही.

इथे पहिला मोठा आक्षेप येतो. सरकारी प्रचारपट म्हणजे रटाळपणा. चित्रपटगृहांना परवान्याच्या अटीनुसार मुख्य खेळाआधी मान्यताप्राप्त माहितीपट दाखवावा लागे, आणि लोक तेवढ्या वेळात चहा पिऊन येत. लसीकरण, बचत, एकात्मता, छोटे कुटुंब असे विषय वरून ठरून आलेले. त्यात दिग्दर्शक कुठे आहे? आक्षेपातला अर्धा भाग खराच आहे. त्या ढिगातले बरेचसे काम आज पाहवत नाही आणि ते तसे का झाले हेही स्पष्ट आहे, कारण ज्याला प्रेक्षक बांधूनच आणून दिला जातो तो प्रेक्षकाची पर्वा करीनासा होतो. पण उरलेला अर्धा भाग पाहा. त्याच इमारतीत प्रमोद पती यांनी, जे प्रागला जाऊन शिकून आले होते, १९६८ मध्ये ‘एक्स्प्लोरर’ आणि १९७२ मध्ये ‘आबिद’ केले. ‘आबिद’मध्ये चित्रकार आबिद सुरती जिवंत माणूस असूनही एकेक फ्रेम थांबवून टिपलेल्या बाहुल्यासारखे हलतात. १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ हा विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेला आणि भीमसेन यांनी अ‍ॅनिमेशन केलेला चित्रपट तर अगदी सांगितलेल्या विषयावरचा. तरी दूरदर्शन पाहत वाढलेल्या पिढीला तो आजही तोंडपाठ आहे. विषय वरून आला म्हणून हे चित्रपट मेले नाहीत. वरून विषय येतो, रेघ येत नाही. चलतचित्राच्या दिग्दर्शकाचे कर्तृत्व विषयात कमी आणि रेघेत, वेळेत, थांबण्यात जास्त असते. दोन सारख्या संदेशांपैकी एक विसरला जातो आणि दुसरा पन्नास वर्षे टिकतो, तो फरक संदेश लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने केलेला नसतो.

राम मोहन यांनी १९६७ च्या सुमारास सरकारी नोकरी सोडली. प्रसाद प्रॉडक्शन्सच्या अ‍ॅनिमेशन विभागाचे प्रमुखपद काही वर्षे सांभाळले आणि १९७२ मध्ये ‘राम मोहन बायोग्राफिक्स’ ही स्वतःची संस्था काढली. त्याच वर्षीच्या ‘यू सेड इट’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे १९८३ च्या ‘फायर गेम्स’लाही. संस्थेचे पोट मात्र जाहिरातींवर आणि हिंदी चित्रपटांतल्या छोट्या तुकड्यांवर भरत होते. ‘पती पत्नी और वो’, ‘दो और दो पाँच’, ‘बीवी-ओ-बीवी’ या चित्रपटांना त्यांनी अ‍ॅनिमेशन पुरवले. ही यादी वाचून नाक मुरडणाऱ्याने जरा ‘भुवन शोम’ (१९६९) आठवावा. मृणाल सेन यांच्याकडे पैसा तुटपुंजा होता आणि रेल्वेतल्या एका करड्या साहेबाचा रुक्ष, फायलींनी भरलेला जगण्याचा क्रम प्रेक्षकाला चटकन कळायला हवा होता. तो अभिनयाने दाखवायचा तर कार्यालय, कारकून, दिवस, महिने सगळे उभे करावे लागले असते. राम मोहन यांच्या थोड्याशा रेघांनी ते काम भागवले, आणि साहेब आपल्याला माणूस म्हणून भेटण्याआधी व्यंगचित्र म्हणून भेटला. हा उगाच जोडलेला विनोद नव्हे. पुढे साहेब सौराष्ट्रातल्या वाळूत शिकारीला जातो आणि एका खेडवळ मुलीपुढे त्याचा करडेपणा गळून पडतो, तेव्हा काय गळून पडले हे आपल्याला नेमके माहीत असते. ते त्या रेघांनी आधीच सांगून ठेवलेले असते. नव्या हिंदी चित्रपटाची सुरुवात म्हणून ज्या चित्रपटाचे नाव घेतात, त्याच्या बांधणीत ही काही क्षणांची चित्रे खांबासारखी आहेत.

सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’मध्ये (१९७७) हेच अधिक धारदारपणे दिसते. लॉर्ड डलहौसीने अवधला कधीतरी तोंडात पडणारी चेरी म्हटले होते, आणि राय यांनी तो उद्दामपणा चलतचित्राच्या भाषेत मांडायचे ठरवले. राज्ये फळांसारखी गिळली जातात. हसू येते आणि लगेच घशात अडकते. नागपूरचे भोसल्यांचे राज्य याच डलहौसीने १८५४ मध्ये खालसा केले आणि आपला हा वैनगंगेकडचा मुलूख त्यातच गेला. तेव्हा इकडच्या प्रेक्षकाने तो तुकडा लखनौची गोष्ट म्हणून पाहण्याचे कारण नाही. कल्पना राय यांची, मान्य. पण कल्पना सांगणे वेगळे आणि ती नेमक्या वेळात, नेमक्या जाडीच्या रेघेने, हसू आणि कीव यांच्या काठावर तोलून धरणे वेगळे. दुसऱ्याच्या चित्रपटात पाहुणा म्हणून जाऊन आपली भाषा न सोडता घरातलेच वाटणे, हे कसब सरकारी माहितीपटांनी शिकवलेले होते. मोजका वेळ, ठरलेला अर्थ आणि तरी स्वतःची रेघ.

‘मीना’जवळ मात्र थोडे थांबायला हवे, कारण माझ्या म्हणण्याचा सर्वांत बळकट पुरावा तिथे आहे. सार्क देशांनी १९९१ ते २००० हे मुलींचे दशक म्हणून जाहीर केले होते. त्या काळात युनिसेफच्या ढाका कार्यालयाने ‘मीना’ नावाच्या मुलीची ही मालिका हाती घेतली. विषय ठरलेले होते. मुलीचे शिक्षण, मुलाइतकेच जेवण, लवकर लग्न, हुंडा, शौचालय, हात धुणे. यापेक्षा अवघड मागणी कल्पनेत आणणे कठीण. त्यावर आणखी अट अशी की मुलगी बांगलादेश, भारत, पाकिस्तान आणि नेपाळ या चारही देशांत आपली वाटली पाहिजे. तिने साडी नेसली तर एका देशाची, सलवार-कमीज घातली तर दुसऱ्याची. घर कसे, विहीर कशी, आईच्या डोक्यावर पदर कुठवर, या प्रत्येक गोष्टीवर कुठल्या तरी देशात कुणाचा तरी आक्षेप येऊ शकत होता. गावोगावच्या लोकांना, मुलांना रेखाटने दाखवून, त्यांचे ऐकून, बदलून, पुन्हा दाखवून मीना घडवली गेली. लांब परकर घातलेली, चेहऱ्याने कुठलीच नसलेली आणि म्हणून सगळीकडची. सोबत भाऊ राजू आणि मिठू पोपट. पहिल्या भागांपैकी एकात मीनाला शाळेत पाठवत नाहीत, तेव्हा पोपट वर्गाच्या खिडकीशी बसून आकडे शिकून येतो आणि तिला शिकवतो. कोंबड्या मोजता येऊ लागल्यामुळे चोर पकडला जातो आणि वडिलांना शाळेची किंमत कळते. संदेश आहे, पण तो भाषणातून येत नाही. कोंबडी कमी भरते तेव्हा आपल्यालाही कमी भरल्याचे कळते. मुलाने आकडा मोजावा आणि गोष्ट पुढे सरकावी, ही रचना ज्याने केली तो दिग्दर्शक आहे, मग पैसे कुणाचेही असोत. मालिकेच्या सुरुवातीच्या भागांचे काम मनिलातल्या हॅना-बार्बेराच्या स्टुडिओत झाले आणि पुढे ते मुंबईत आले. मुंबईत ते येऊ शकले, कारण तोवर राम मोहन यांच्याकडे ते पेलणारी माणसे जाहिरातींच्या पगारावर तयार होऊन बसली होती. प्रेक्षकसंख्येच्या मापाने पाहिले तर दक्षिण आशियात त्यांच्याइतका पाहिला गेलेला चलतचित्रकार क्वचितच असेल, आणि ते काम पाहणाऱ्या बहुतेकांना त्यांचे नाव ठाऊक नाही.

‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ची कथा उलट बाजूने तेच सांगते. जपानी निर्माते युगो साको यांना रामायणाने झपाटले होते. भारत सरकारशी सहकार्य जमले नाही, कारण परदेशी माणसाने रामाचे ‘कार्टून’ काढणे अनेकांना रुचत नव्हते. चित्रपट अखेर जपानमध्ये तयार झाला आणि १९९३ च्या आरंभी भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. दिग्दर्शक म्हणून साको आणि कोइची सासाकी यांच्या जोडीला राम मोहन यांचे नाव आहे. त्या वर्षीच्या वातावरणात तो धड प्रदर्शित झाला नाही. पुढे दूरचित्रवाणीवरून तो घरोघर पोहोचला, आणि २४ जानेवारी २०२५ रोजी नव्या प्रतीसह भारतातल्या चित्रपटगृहांत आला, तेव्हा राम मोहन हयात नव्हते. त्यात त्यांचे किती आणि जपान्यांचे किती, याची वाटणी करण्यात मला रस नाही. चित्रांचा वेग आणि पार्श्वभूमीचे वैभव जपानी परंपरेचे आहे हे उघड आहे. उघड हेही आहे की नमस्कार कसा करतात, धनुष्य उचलताना उत्तरीय कुठे जाते, गुरूसमोर शिष्य कसा बसतो, हे टोकियोतल्या चित्रकाराला कुणीतरी दाखवून द्यावे लागते. आपल्या देशातल्या एवढ्या मोठ्या गोष्टीसाठी आपल्या देशातून मागणी आली नाही, ती बाहेरून आली. कारकिर्दीत उणीव शोधायचीच असेल तर ती इथे शोधावी. मागणीनुसार काम करणे हा दोष नव्हता, पण योग्य मागणी करणारे आपल्याकडे फार थोडे होते. हा ठपका राम मोहन यांच्यावर येत नाही.

आता माझ्याच युक्तिवादाची मर्यादा सांगायला हवी, नाहीतर कुठलेही काम हे चांगलेच काम, असा त्याचा अर्थ निघेल. नव्वदीच्या अखेरीस परदेशी मालिकांचे काम मुंबई आणि हैदराबादमध्ये येऊ लागले. राम मोहन यांची संस्थाही १९९७ मध्ये यूटीव्हीशी जोडली गेली. हजारो मुलांना नोकऱ्या मिळाल्या, गल्लोगल्ली अ‍ॅनिमेशनच्या शिकवण्या उघडल्या, आणि या उद्योगाचे भवितव्य उज्ज्वल असल्याचे अहवाल निघू लागले. पण त्या कामाचे स्वरूप वेगळे होते. गोष्ट तिकडे लिहिलेली, पात्रे तिकडे रेखलेली, कळीची चित्रेसुद्धा बहुधा तिकडचीच. इकडे मधली भरायची आणि वेळेत पाठवायची. अशा मागणीतून कारागीर टिकतो, दिग्दर्शक घडत नाही. फरक इथेच आहे. काय साधायचे हे सांगणारी मागणी दिग्दर्शकाला वाढवते, रेघ कशी काढायची हे सांगणारी त्याला हमाल करते. फिल्म्स डिव्हिजन आणि युनिसेफ यांनी पहिल्या प्रकारची मागणी केली. झाडीपट्टीतले मंडळही पहिल्याच प्रकारचे असते. लावणी हवी म्हणते, पण पाय कुठे टाकायचा ते सांगत नाही. राम मोहन यांनी २००६ मध्ये ग्राफिटी स्कूल ऑफ अ‍ॅनिमेशन सुरू करण्यात पुढाकार घेतला. वयाच्या पंच्याहत्तरीला माणूस शाळा काढतो, तेव्हा त्याला हा फरक जाणवला असावा असे मी समजतो.

शेवटचा आक्षेप सर्वांत देखणा आहे आणि त्याचे नाव गीतांजली राव. जे. जे. उपयोजित कला संस्थेतून १९९४ मध्ये बाहेर पडलेल्या या चित्रकर्तीने ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६) हा पंधरा मिनिटांचा चित्रपट जवळजवळ एकटीने हाताने रंगवला. एकटी म्हातारी, तिचे मांजर आणि तिचा काडेपेट्यांचा संग्रह. प्रत्येक पेटीवरचे चित्र म्हणजे एकेक दार. कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात त्याला तीन पुरस्कार मिळाले. पुढे ‘बॉम्बे रोझ’ हा त्यांचा पूर्ण लांबीचा चित्रपट २०१९ मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा उद्घाटनाचा चित्रपट झाला. कुणी सांगितले नव्हते, कुणाचा संदेश नव्हता. मग राम मोहन यांची वाट कशाला, असे कुणी विचारील. पण राव यांच्या वाटेवरचे टप्पे पाहावेत. हातावर संस्कार झाले ते राम मोहन यांच्याच स्टुडिओत. स्वतःच्या लघुपटांचा खर्च निघाला तो जाहिरातींच्या कामातून. आणि ‘बॉम्बे रोझ’ करायची वेळ आली तेव्हा एकटीने भागले नाही. सौमित्र रानडे यांच्या पेपरबोट स्टुडिओत सुमारे साठ चित्रकार दीड वर्ष चित्रे रंगवीत होते. कानपासून व्हेनिसपर्यंत तेरा वर्षे गेली. ‘प्रिंटेड रेनबो’ श्रेष्ठ आहेच. राम मोहन यांच्या कुठल्याही एका लघुपटापेक्षा मी तो वर ठेवीन. पण ज्या जमिनीत तो उगवला ती जमीन कुणी नांगरली, हे विसरून त्याला पुरावा म्हणून उभे करता येत नाही.

व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके यांचा ‘हनुमान’ २००५ साली चित्रपटगृहांत चालला, तेव्हा आता बाजारच या कलेला पोसेल असे वाटले होते. त्यामागून देवादिकांच्या बालरूपांची रांग लागली, आणि रेघ पातळ होत गेली. बाजारसुद्धा मागणीच करतो, आणि त्याची मागणी सरकारी अधिकाऱ्यापेक्षा उदार असते असा अनुभव नाही. अलीकडे फिल्म्स डिव्हिजनही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. १९५६ मध्ये वीस-पंचवीस वर्षांच्या तरुणांना पगार देऊन, एका जाणकाराच्या हाताखाली बसवून, चुका करायला वेळ देणारी तशी सार्वजनिक जागा आज महाराष्ट्रात नाही. राज्य सरकार, विद्यापीठे, जिल्हा परिषदा यांना मुलांपर्यंत पोहोचवायचे विषय कमी नाहीत. आरोग्य आहे, वणवा आहे, शाळागळती आहे, मलेरिया आहे. त्या विषयांवर कागदी पत्रके निघतात. नवेगावबांधच्या आसपासच्या मुलांच्या बोलीत, त्यांच्या घरांसारखी घरे काढून, दहा मिनिटांचे चलतचित्र सांगून करून घेणारा कुणी निघाला, तर ते काढणारे हातही निघतील. आधी हात तयार होतील मग मागणी येईल, या भरवशावर फाळक्यांनंतरची चाळीस वर्षे गेली.

पुढील पानांत राम मोहन यांच्या कामाचा क्रमवार परिचय आहे. तो वाचण्याआधी वाचकाने ‘भुवन शोम’मधला फायलींचा तुकडा आणि ‘मीना’चा कोंबड्या मोजण्याचा भाग, हे दोन एकापाठोपाठ पाहावेत. पंधरा-वीस मिनिटांच्या वर वेळ लागणार नाही. एक मृणाल सेन यांनी सांगून करून घेतलेला, दुसरा युनिसेफने. दोन्हींत रेघ एकाच माणसाची आहे की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी ठरवावे आणि मगच पान उलटावे.

केशोरी, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया